न हलणारी जागा

तासगावच्या पुढं, मणेराजुरीच्या रस्त्यावर
मी गाडी शिकले. वय सत्तेचाळीस.
गाडी भावाची, जुनी मारुती,
आणि शेजारी मुजावरमामा,
कवठेमहांकाळ डेपोत बत्तीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेले,
आता डाव्या सीटवर, मांडीत पाण्याची बाटली धरून.

"वैजूताई, चाकापुढचा खड्डा कशाला बघताय?
तो आला की कळतोच.
लांब बघा. सगळं जिथनं उघडतंय, तिथं."

मला काही उघडताना दिसेना.
दिसायच्या चिंचा, द्राक्षाचे मांडव,
एक सायकलवाला, कॅरिअरला उलट्या कोंबड्या,
सगळे माझ्यावर चालून येणारे.

मग एका सकाळी, कसं कोण जाणे, दिसलं:
रस्त्याच्या टोकाला नेढ्याएवढी एक जागा,
आणि जग तिच्यातून निघतंय.
आधी मुंगीच्या पावलानं,
मग रांगत,
मग खांब, बांध, 'बेदाणा शेड भाड्याने देणे',
फुगत, फाकत, दोन्ही कानांवरून मागं.
मांडवाच्या ओळी कंगव्यासारख्या
एक क्षण आरपार, की मिटल्या.
ती जागा तेवढी हलत नव्हती.
"तिकडंच चाललोय आपण," मामा म्हणाले.
"जे हलत नाही, तिकडं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर नजर रोवली
आणि थेट बाभळीत.
न हललेलं जे होतं
तो काचेवर चिरडलेल्या किड्याचा डाग होता.
मामा हसले नाहीत. उतरून बोटानं पुसला.
"हापण हलत नाही. पण हा तुमच्याबरोबर येतोय.
चाक जरा वळवून बघायचं.
तुमच्यासंगं वळला, तो डाग.
जागा आपल्या जागी राहते."

घरी भाकरी थापताना हे मी
कशाकशाला लावून पाहिलं,
ते इथं लिहीत नाही.

श्रावणात कृष्णा चढली.
मामांना सांगलीला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं.
गाडी मी चालवली, तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.
येताना म्हणाले, आयर्विनवर थांबू, पाणी बघू.
कठड्याशी निम्मी सांगली,
पोरं खांद्यावर, भाजलेल्या कणसांचा वास.

मी खाली बघितलं
आणि पूल सुटला.
पाणी नाही, पूलच:
कठडा, कणसाचा गाडा, मी,
गढूळ नदी चिरत कऱ्हाडकडं निघालो.
पाय सांगत होते, उभी आहेस.
डोळे सांगत होते, निघालीस.
आणि मी डोळ्यांचं ऐकत होते.

"मामा, चाललाय ना पूल?"

ते बराच वेळ बघत राहिले.
"माझा नाही चालत आता," म्हणाले.
"काचबिंदू. कडंकडंनं खात आलाय, पाच वर्षं झाली.
पाइपातनं बघितल्यागत. मधलं तेवढं उरलंय.
जायचं कुठं ते दिसतं, ताई.
चाललोय का, ते कळत नाही."

म्हणजे रोज सकाळी माझ्या शेजारी बसून
हा माणूस ज्या चिंचांबद्दल बोलायचा
त्या त्याला दिसतच नव्हत्या.
आठवत होत्या.
बत्तीस वर्षं कानांवरून मागं गेलेले फाटे,
हात करणाऱ्या बायका, थांब्यावरच्या म्हशी,
सगळं कडेला साठवून ठेवलेलं.

"मग सांगा की," ते म्हणाले, "कुठवर आलो?"

मी सांगायला लागले.
डिग्रज गेलं.
भिलवडी येतीय, घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात.
औदुंबरच्या वळणाला पाणी फार जोरात आहे.

"हळू घ्या," मामा म्हणाले,
आणि त्यांचा उजवा पाय
पुलाच्या दगडावर
ब्रेक दाबत राहिला.