निवडलेली चौतीस

हल बंदरातल्या जुन्या मासळी-गोदामात
चारशे बारा चित्रं आली, चौतीस निवडली.
टांगायचं काम माझं.
पाणसळ धरते, बुडबुडा मधोमध आणते,
मग एक पाऊल मागे.

ग्वेनेथ प्रॉसरनं नवऱ्याच्या गोळ्यांच्या
रिकाम्या पाकिटांची गोधडी शिवलीय.
उजेड पडला की खळग्यांतून समुद्र दिसतो म्हणे.
मला नाही दिसला.
पण खिळ्यावर चढवताना ती कुरकुरली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

ऑफोरीचा बसथांबा नुसता राखाडी.
उभं असलेलं माणूस त्यानं पुसून टाकलंय,
पिशवी तेवढी राहू दिलीय.
परीक्षक बाई म्हणाल्या, जरा डावीकडे.
घेतलं डावीकडे. त्या गेल्यावर
होतं तिथं आणलं.

न निवडलेली तळघरात, भिंतीकडे तोंड करून.
पाठीवर नाव, पोस्टकोड.
एकावर नावच नाही, पेन्सिलीनं एवढंच:
परत पाठवू नका, घरात जागा नाही.

ते अजून उलटवून पाहिलं नाही मी.
पावणेआठची बस गाठायच्या आधी
रोज फक्त त्याची जागा बदलते,
ओल लागू नये म्हणून.