पंचावन्न किलो

काटा सोसायटीचा. धान मोजायचा.
पौषात दोन दिवस खरेदी थांबते,
चार जण तो उचलून शाळेच्या व्हरांड्यात आणतात
आणि मला म्हणतात, गुरुजी, बसा.
मी गुरुजी नाही. सोसायटीत मापारी होतो.
पण काट्याजवळ खुर्ची टाकली
की माणसाला कोणीही गुरुजी म्हणतं.

एकोणीस वर्षं झाली.
नवयुवक क्रीडा मंडळ, मौजा कन्हाळटोला,
वजनगट पंचावन्न किलो, प्रवेश फी तीनशे एक,
मुक्काम शाळेत, तणसावर,
जेवण आलू-वांगे आणि भात.
पत्रकावर एवढंच.
बाकीचं काट्यावर ठरतं.

पोट्टे टेम्पोतून येतात, उभ्यानं,
कोणी कालपासून उपाशी,
कोणी पाण्याचा घोटही न घेतलेला.
पहाटे उघड्या अंगानं रांगेत लागतात,
अंगावर काटा, पायाखाली काटा.
मी आकडा मोठ्यानं वाचतो.
त्रेपन्न नऊशे. उतर.
चोपन्न सातशे. उतर.
एखादा वर चढून श्वास रोखून धरतो,
जसं काही हवेचंही वजन लागतं.
मी बोलत नाही. रोखू दे.
संध्याकाळी तोच श्वास त्याला पुरवायचा आहे.

मागल्या साली हिवराज कुमरे आला, बोडध्याचा.
पंचावन्न चारशे.
"अजून एक डाव पाहा ना जी."
पाहिलं. तेवढंच.
हा काटा धानाच्या बाबतीत खोटं बोलला असेल,
मी बोलायला लावलं असेल,
पोट्ट्यांच्या बाबतीत नाही.

तो पळायला गेला.
बोडीच्या पाळीवर पाच फेऱ्या,
अंगात दोन स्वेटर, त्यातला एक दुसऱ्याचा.
थुंकला. मुतला. हनवत्याकडे बसून
डोकं साफ करून आला.
पंचावन्न, शून्य, साठ.

मनगटात कडं होतं. स्टीलचं, जाड.
"काढ."
"निंघत नाही जी. दादाचं आहे."
"दादा कुठी?"
"हैदराबादले. सेंट्रिंगवर."
साबण लावला, गोडेतेल लावलं, तिघांनी ओढलं.
निघालं, थोडी साल घेऊन.
चोपन्न नऊशे ऐंशी.
मी लिहिलं, पात्र.
कडं माझ्या खिशात टाकून तो म्हणाला,
सामना झाल्यावर देजा.

सामने मी पाहत नाही.
काटा सोडून जाता येत नाही, ऐकतो.
मंडपामागे मी, वर हॅलोजनभोवती किडे,
मोरेश्वरचा माइकवर बसलेला आवाज,
मग अख्खं गाव गप्प
आणि एकच पोट्टा एका दमात तोच शब्द
घासत घासत नेतो,
जशी चाकाला धार लावावी.
उपांत्य फेरी. शेवटची चढाई. रात्रीचे बारा.
आवाज हिवराजचा होता, दुपारपासून ओळखीचा झालेला.
मध्येच तुटला.
रेषेच्या अलीकडे की पलीकडे,
ते ऐकून कळत नाही.
गाव ओरडलं.
आमचं गाव ओरडलं, म्हणजे तो गेला.

टेम्पोवाला तासावर पैसे घेतो.
मी खिशात हात घातला
तेव्हा लाल दिवा बोडीच्या वळणावर होता.

वर्षभर कडं टेबलाच्या खणात राहिलं,
कार्बन पेपर, शिक्के आणि जुन्या पावत्यांसोबत.
एकदा खरेदीच्या दिवशी वाटलं,
पासंगाला बरं आहे, ऐंशी ग्रॅम.
खण लावून टाकला.

यंदा बोडध्याचा संघ आला.
हिवराज त्यांची पाण्याची कॅन घेऊन.
शर्टाला बटणं सगळी, केस तेल लावून बसवलेले.
कोणी म्हटलं नव्हतं तरी काट्यावर चढला.
एकसष्ट दोनशे.
"आता जेवत असतो जी," म्हणाला,
चुकी कबूल करावी तसा.

मी कडं दिलं.
त्यानं घालून पाहिलं. अंगठ्याच्या सांध्याशी अडलं.
साबण मागितला नाही.
खिशात टाकलं
आणि खाली न उतरता आकड्याकडे पाहत राहिला.
एकसष्ट दोनशे ऐंशी,
मी वाचलं, मोठ्यानं, सवयीनं.

मागे रांग कुडकुडत होती.