गळ्यातलं काढून ठेवा

वाशीच्या महापालिका रुग्णालयात, तळमजल्यावर,
खोली क्रमांक नऊ. दारावर लाल दिवा.
सकाळपासून मी एकच वाक्य बोलते:
गळ्यातलं काढून ठेवा.
मग स्टीलच्या ट्रेमध्ये देव जमा होतात.
यल्लम्मा, साईबाबा, काळ्या दोऱ्यातला ताईत,
कुणा बाईचा इवलासा क्रूस, एकवीरेचं पदक,
एकमेकांना चिकटून, खणखणत.
आणि माणसं उघड्या गळ्यानं
थंड प्लेटला छाती लावून उभी राहतात.

श्वास घ्या. रोखा.
हलू नका.
सोडा.

देव आड आला तर फोटोत पांढरा डाग येतो.
एवढंच. बाकी माझं त्यांच्याशी भांडण नाही,
असं मी सांगते.
खरं तर आहे.
आईचा फोटोही मीच काढला होता, याच खोलीत.
आमची करावे गावची गावदेवी
तिच्या गळ्यातून मीच उतरवली,
काचेमागे गेले, बटण दाबलं.
स्क्रीनवर जे आलं ते बघून
तिला म्हटलं, डॉक्टर सांगतील.
परत गळ्यात घालताना
आईनं देवी डोळ्यांना लावली.
मी तोंड फिरवलं. ते अजून फिरवलेलंच आहे.

भीमण्णा कुसाळकर. वय बेचाळीस, दिसायला साठ.
तुर्भ्याच्या डोंगरात, खाणीवर, एकोणीस वर्षं.
नेरुळपासून खारघरपर्यंत जे जे उभं आहे
त्यात कुठे ना कुठे ह्याची खडी आहे,
माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतही असेल.
बोटं सुजलेली, दोऱ्याची गाठ सुटेना.
"ऱ्हाऊ द्या की बाई, लगीन झाल्यापास्नं हाय."
नाही चालत, म्हटलं.
मग दातांनी तोडला त्यानं दोरा.

श्वास घ्या.
घेतला, म्हणजे घ्यायला गेला.
आटलेल्या विहिरीत पोहरा तळाला घासावा
तसा आवाज आला.
रोखा.

दोन्ही फुप्फुसांत, वरच्या अंगाला,
कुणी मूठभर अक्षता फेकाव्यात तसं,
पांढरं, बारीक, सगळीकडे.
दगडच तो.
आम्ही ज्याला शेंदूर फासतो, त्याच डोंगराचा.
मी बघत राहिले.
बघतच राहिले
आणि सोडा म्हणायचं राहून गेलं.
काचेपलीकडे तो तसाच,
खांदे वर, मानेची शीर तट्ट,
कुणी सांगितलं नाही म्हणून
रोखून धरलेला.
खोकला फुटला तेव्हा मला जाग आली.

बाहेर येऊन विचारलं त्यानं, आत काय दिसलं?
मला माहीत होतं. सांगायची परवानगी नव्हती.
डॉक्टर सांगतील.

रात्री भांडी घासताना मनात आलं,
तोही असाच असेल काय?
शिशाचा एप्रन घालून, जाड काचेमागे,
सगळं दिसतंय, पण बोलायचं नाही असा नियम.
म्हणजे निर्दय नाही. नोकरीला आहे.
थोडा वेळ बरं वाटलं.
मग राग आला. नियम तरी कुणाचा?
आणि मी निदान भीमण्णाची माफी मागितली,
स्टुलावर बसवून पाणी दिलं.

तो चांदीचा टाक त्यानं नेला नाही.
विसरला म्हणून मागे धावले,
केसपेपरच्या खिडकीपाशी गाठलं.
"असू द्या तुमच्याकडंच," म्हणाला,
"त्येलाबी दाखवा त्यो फोटू.
त्येच्या घरचाच दगूड हाय."
हसला. हसता हसता पुन्हा खोकला.

आता तो माझ्या खणात आहे, स्टेपलच्या पिनांशेजारी.
झिजून गुळगुळीत, कुठला देव तेही कळत नाही.
मी हात जोडत नाही.
फक्त संध्याकाळी ड्युटी बदलताना
शबानाला सांगते,
तो खण आवरू नकोस गं,
कुणाचंतरी आहे त्यात,
न्यायला येतील.