इतर नावे, असल्यास

रविवारी सकाळी, एप्सममध्ये,
भांडी सिंकमध्ये तशीच ठेवून मी अर्ज उघडला.
मॉरिशसच्या पासपोर्टला इथे फिरायला यायचं तर व्हिसा लागत नाही,
पण आता निघण्याआधी विचारावं लागतं, ऑनलाइन,
येऊ का म्हणून.
फी भरायची, आणि हो म्हणेपर्यंत थांबायचं.

सासूबाई फोनवर, कास्काव्हेलहून.
त्यांच्या मागे कोंबडा, आणि कुणाचा तरी फ्रेंच रेडिओ.
"विचार गो बाय, काय विचारायचं ते."

पहिला फोटो नापास: मागे फुलांचा पडदा.
दुसरा नापास: चष्म्यात अख्खी खिडकी.
तिसऱ्याला शेजारच्या पोराने खुर्चीमागे पांढरी चादर धरली,
आणि यांनी फोटो राहू दिला बाजूला,
आधी त्याला चादरीचे कोपरे कसे धरायचे ते शिकवलं.
मग सरळ बघितलं. हसल्या नाहीत.
फोटो मी परत पाठवला तेव्हा म्हणाल्या,
"किसान्ला सा?"
म्हणजे, ही कोण?

इतर नावे, असल्यास.
पासपोर्टवर आहे पारबोती साकाराम.
बोटीतून उतरलेल्या सखारामला
बंदरावरच्या कारकुनाने कानाला आला तसा लिहिला,
तेच पुढे घराचं आडनाव.
त्याचाही फोटो आहे म्हणे, भिंतीला टेकवून काढलेला,
छातीवर नंबर.
पार्वतीची पारबोती शाळेत झाली.
आणि इथे, एकाहत्तर साली, मेट्रनला तेही जड गेलं,
म्हणून पॅट.
"लिहू का पॅट?"
"लिही की. त्या नावानं हाक आली
तर अजून उठून बसते मी रात्रीची."

कधी गुन्हा? नाही.
युद्धात काही? दहशतवाद?
मी एकेक शब्द मराठीत करून सांगत होते,
आणि मराठीत ते सगळे आणखीनच वेडे वाटत होते.
त्या विचारात पडल्या.
"मिसेस हॅलोरनला रात्री बिस्किटं द्यायची नव्हती.
मी द्यायचे. ते लिही."

माझ्या वेळी छातीचा एक्स-रे झाला होता,
इंग्रजीची परीक्षा, बँकेचे कागद,
लग्नाचे फोटो तारखांसकट,
आम्ही खरंच नवराबायको आहोत याचा पुरावा,
आणि मग चार महिने इचलकरंजीत पोस्टमनची वाट.
यांचं वीस मिनिटांत होत आलं.
थोडं लागलं मनाला, खोटं कशाला सांगू.

इथे कुठे उतरणार?
मी आमचा पत्ता टाकला, मोठ्याने वाचत.
पलीकडे कोंबडासुद्धा गप्प.
"ती लाल विटांची इमारत?"
हो. आता फ्लॅट झालेत.
"कितवा मजला?"
दुसरा.
"खिडकी पूर्वेला?"
हो.
"तिथं औषधांचं कपाट होतं. किल्ली माझ्या कमरेला."
तिथे आमचा फ्रिज आहे.
हे मी सांगितलं नाही.

मंगळवारी ईमेल आला. मंजूर.
"कागद?"
कागद नाही, आई.
"शिक्का?"
नाही. पासपोर्टला जोडलंय, त्यांना दिसतं.
पासपोर्ट बदलला तर मात्र पुन्हा विचारायचं.
"मग माझ्या हातात काय?"

मला उत्तर सुचेना.
शेवटी म्हणाल्या, नंबर असेल ना एखादा, तो सांग.
मी सांगितला.
त्यांनी गोळ्यांच्या खोक्यावर लिहिला आणि मला परत वाचून दाखवला,
एकेक आकडा, सावकाश,
रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला
कोण झोपलं, कोण नाही, सांगते तसा.

"नऊ," मी मध्येच म्हटलं. "सहा नाही, शेवटी नऊ."
"नऊ," त्या म्हणाल्या,
आणि पुठ्ठ्यावर खोडल्याचा आवाज आला.