कळशी, गळ्यापर्यंत

तंत्रज्ञ मुलगी माझं नाक चिमट्यानं बंद करते
आणि चढावर अडलेली गाडी ढकलावी तशी ओरडते:
फुंका, फुंका, फुंका,
अजून, अजून, सोडू नका!

पोरी, मी तांबट लेनमधला.
तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून भाता ओढतोय,
असं सांगणार होतो,
पण तोंडात नळी होती.

पडद्यावर रेघ चढली, लगेच दमली.
ऑपरेशनआधी दोन पूर्णांक तीन.
दीड महिन्यानं एक सहा.
आज एक नऊ.
लिटर म्हटलं की मला भांडंच दिसतं:
दोन लिटरची कळशी, गळ्यापर्यंत.
गिऱ्हाईक कुरकुर करत नाही एवढ्यावर.

बाहेर बाकावर नेहमीचे दोघं.
रूथताई, शरणपूरच्या. त्यांचा डाग वाटाण्याएवढा,
तीन भोकं पाडून फक्त एक कोपरा काढला,
चौथ्या दिवशी घरी.
तरी बोलताना धाप त्यांनाच जास्त,
कारण दमा आधीपासून मुक्कामाला.
शाळेत चाळीस मुलांची हजेरी
दोन श्वासांत उरकायच्या,
आता बारा नावांनंतर पान उलटल्यासारखं करतात.

माझा उजवा खालचा कप्पा गेला.
बरगड्या फाकवूनच काढावा लागला,
अजून शिंक आली की उशी शोधतो.

मुश्ताकभाईंचं डावं अख्खं.
"त्या बाजूचं खातंच बंद केलं," म्हणतात,
आणि हसताना मध्येच थांबतात, हसू शिल्लक ठेवून.
काझीगढीचा चढ चढताना
शिंप्यापाशी थांबतात, कापूस कसा चाललाय विचारतात,
मग अंडीवाल्यापाशी, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं.
मग ओट्यावरच्या म्हातारीपाशी, उगाच.
मोहल्ल्यात बोललं जातं,
दुखण्यानंतर माणूस किती मनमिळाऊ झाला.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
गल्लीत घर पडलं की शेजारी
हळूहळू कुंड्या सरकवतात, मग सायकल, मग पत्रा,
तसं वरच्या कप्प्यांनी माझं रिकामं आवार घेतलंय.
खालचा पडदाही जरा वर सरकलाय.
अतिक्रमण, पण मी तक्रार करणार नाही.
मुश्ताकभाईंकडे शेजारी कुणी उरलेलंच नाही,
तिथे पाणी भरलं, आणि ते तसंच राहायचं.
हे त्यांनी स्वतःच सांगितलं,
गंगेला पूर आला होता म्हणावं तशा आवाजात.

दुकानात आता मुलगा बसतो.
भात्याच्या जागी कधीच पंखा आला, बटणाचा.
मी हातोडी घेतो. पूर्वी एका दमात
हंड्याचा अख्खा फेर ठोकायचो.
आता पाव फेर, मग थांबा.
ठोक्यांच्या ओळीत बारीक जागा राहतात,
बोट फिरवलं तर कळतात.
परवा एका बाईनं नेमकं तिथेच बोट फिरवलं
आणि विचारलं, ही नवी नक्षी का?
मी हो म्हणालो. पन्नास रुपये जास्त लावले.

रात्री मालन झोपत नाही.
पाठ करून पडते, पण कान माझ्याकडे.
मी श्वास घेतला की मोजते, सोडला की मोजते,
आणि मध्ये जरा वेळ गेला
की तिची बांगडी हलते.

म्हणून मी झोपेचं सोंग घेतो,
आणि लागतो त्यापेक्षा थोडा मोठा,
जरा आवाज करत,
श्वास घेत राहतो,
तिची मोजणी चुकेपर्यंत.