पाच गच्च्यांचा कागद

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, तांडापेठेत,
माझी भाची वेदांती म्हणाली,
"मामा, पुस्तकात आलंय, लष्करी युती.
म्हणजे काय असते ते?
सगळे मिळून एकाला ठोकतात का?"

मी बावीस वर्षं फौजेत होतो,
त्यातली बरीचशी वाट पाहण्यात गेली.
म्हटलं, चल गच्चीवर. आणि परवा तुम्ही पोट्ट्यांनी
कॅलेंडरच्या पाठीवर जे लिहिलं ना, ते घेऊन ये.

ही आपली गच्ची. ती हेडाऊंची, तीन मजली,
मांजाच्या सहा चक्र्या.
मग परात्यांची, मग शेखांची,
आणि ते कुंभाऱ्यांचं टिनाचं छप्पर. ती गच्चीच नाही.
खाली अंगणात स्टुलावर उभा राहून
लोकू एकच पतंग उडवतो,
तोही वर्तमानपत्राचा.

मागच्या वर्षी विहिरीपलीकडचे
रोज सकाळी आधी कोणाला कापायचे?
"लोकूलेच."
का?
"त्याच्या मागं कोणीच नव्हतं."

आता वाच, काय लिहिलंय :
एकाला कापलं म्हणजे पाचांना कापलं.
"बस? त्या देशांचंही एवढंच?"
मुळाशी एवढंच.
आता पलीकडचा पोरगा लोकूच्या पतंगाकडे बघतो
तेव्हा त्याला हेडाऊंच्या सहा चक्र्या दिसतात.
बघतो, आणि ढील देत दुसरीकडे जातो.
ज्या दिवशी काहीच झालं नाही
तो या कागदाचा सगळ्यात कामाचा दिवस,
आणि त्याची बातमी कोणी छापत नाही.

"पण हेडाऊदादा म्हणेल तेच होते ना? मांजा त्याचा."
म्हणेल तो. मोठ्यानंच म्हणेल.
पण इथे डोकी मोजत नाहीत,
पाचही जणांनी हो म्हणावं लागतं.
स्टुलावरच्या लोकूनं मान हलवली नाही
तर बसा रात्रभर, त्याला समजावत.
(अशा एका बैठकीत मी चहा नेला होता.
तीनदा गरम करावा लागला.)

आणि तयारी काही संक्रांतीला सुरू होत नाही.
आठव, डिसेंबरात सगळ्यांनी एकच गाठ शिकली,
शेखांची चक्री परात्यांच्या हातात बसते का ते पाहिलं,
दोन शिट्ट्या म्हणजे ढील, एक म्हणजे खेच.
चेतन पराते म्हणाला, आमच्या घरी उलटं असते.
त्यात एक आठवडा गेला.
नायलॉनचा मांजा कोणीच आणायचा नाही,
हेही तुम्ही लिहिलंत. पोपटांनी सही केली नाही तरी.

खाली बारीक अक्षरात काय आहे?
"मदत करायची."
किती, कशी, ते लिहिलेलं नाही.
कोणी पतंग घेऊन धावेल,
कोणी पाण्याची बाटली आणि चिकटपट्टी पाठवेल,
कोणी म्हणेल, आई रागावून राह्यली.
सगळेच कागदात बसतात.
मोठी माणसं याला भरवसा म्हणतात
आणि मध्यरात्री उठून तो तपासून येतात.

"अन् लोकूनंच आधी काडी केली असली तर?"
तर कागद लागू नाही.
"मग आधी कोणी केली, हे कोण ठरवते?"

मी चक्री गुंडाळायला घेतली.
ती आधीच गुंडाळलेली होती.

"मामा, ते पण लिहून राह्यले काहीतरी."

खरंच. विहिरीपलीकडे सात-आठ पोरं
एका वहीभोवती वाकलेली,
त्यातलं एक आमच्याकडे बोट दाखवत होतं.
त्यांनाही सहापर्यंत मोजता येतंच की.
आमच्या लोकूची भीती कमी झाली,
ती उडत उडत तिकडे गेली असावी.

वेदांती कठड्याला रेलून, डोळ्यांवर हात धरून
बराच वेळ बघत राहिली.
"त्यांच्यातला स्टुलावाला कोण आहे?"

मला दिसेना.
चष्मा खाली राहिला होता.