डावं टोक

ग्लेनने वाकून पाहिलं, गुडघा न टेकता,
आणि म्हणाला, दोन्हींचे मिळून एकशे दहा पौंड.
काढायची, वाळू मारून साफ करायची, काळी करायची, भट्टीत भाजायची.
दोन दिवस गाडी इथेच.
मी म्हटलं, विचार करून सांगते.
भाजीवालीला असंच सांगतात
आणि चार पावलं पुढे जाऊन कान मागे ठेवतात.
ग्लेनने हाक मारली नाही.
स्विंडनमध्ये कोणी हाक मारत नाही.

गाडी तेरा वर्षांची, माझ्याकडे येऊन वर्ष झालं.
परीक्षा चौथ्या खेपेला पास झाले तेव्हा
मला सत्तेचाळिसावं लागलं होतं.
इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात,
लोणच्याला टाकावं तसं, सढळ हाताने.
सायलेन्सरची दोन्ही तोंडं गंजून
पान खाल्ल्यासारखी दिसायला लागली.
सिग्नलला मागे कोणी थांबलं की मीच ओठ मिटून घ्यायचे.

स्प्रेचा डबा अकरा पौंडांना,
सहाशे अंश सोसेल असा काळा.
पॉलिश पेपर, चिकटपट्टी,
दारात फुकट पडणारा आठवड्याचा पेपर.
रविवारी जुनी चादर अंथरून गाडीमागे मांडी घातली.

बाबा इचलकरंजीत ट्रकच्या पाठी रंगवायचे.
मोर, कमळ, मालकाच्या मुलांची नावं.
म्हणायचे, रंग पाच आणे, घासणं अकरा आणे.
मला ब्रश कधी दिला नाही.
घासायला द्यायचे.

म्हणून डावं टोक दीड तास घासलं,
कडेच्या आत बोट जाईल तिथवर,
पत्र्याचा खरा रंग दिसेपर्यंत.
तिथवर सगळं मला येत होतं.
मग आभाळ भरून आलं आणि हात घाईला आला.
जवळून मारला, एका दमात मारला,
खालच्या कडेला थेंब जमला,
ओघळला,
आणि थांबला.
पुसला असता तर अख्खंच गेलं असतं.
बघत बसले.

डब्यावर लिहिलं होतं, रंग वाळला की इंजिन दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या.
मग वीस मिनिटं. पुन्हा थंड.
नवा बिडाचा तवा पहिल्यांदा तापवताना येतो तसा वास,
तसाच धूर.
समोरच्या मिसेस पॉवेल चपला घालून बाहेर आल्या,
काही जळतंय का?
म्हटलं, नाही, मुरतंय.
हे इंग्रजीत कसं म्हणाले, आठवत नाही.

उजवं राहिलं. पाऊस आला, मग सोमवार आला,
मग लॅबमधल्या रात्रपाळ्या.
तीन आठवडे गाडी
एकाच डोळ्यात काजळ घालून फिरली.

शेवटी ग्लेनकडे गेले.
एकच करून द्या.
एकच?
उजवं.
या वेळी तो गुडघ्यावर बसला, माझ्या टोकापाशी.
अंगठा आतून बाहेर फिरवला.
म्हणाला, घासलंय कोणी?
मी.
ओघळाबद्दल काही बोलला नाही.
साठ घेतले. निम्मे पंचावन्न होतात,
एवढा हिशेब मला येतो,
पण त्या दिवशी घासाघीस करावीशी वाटली नाही.

आता फेब्रुवारी. मीठ, चिखल, काजळी,
चार फुटांवरून सांगता येत नाही
कुठलं त्याचं आणि कुठलं माझं.
कधीतरी संध्याकाळी कामावर निघण्याआधी,
गाडी थंड असते तेव्हा,
मिसेस पॉवेलचा पडदा हलत नाहीये ना ते बघून
मी वाकते,
डाव्याच्या खालून बोट फिरवते.
आहे.
पडता पडता राहिलेला, तिथेच.

बोट काळं होतं.
लॅबमध्ये हातमोजे चढवायच्या आधी
ते दोनदा धुवावं लागतं.